पाण्याची गाठ की पू? पाय काढलेल्या कुत्र्याच्या टाक्यांजवळची सूज

ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाक्यांच्या खाली मऊ पिशवी लोंबताना दिसली की घरातल्यांच्या तोंडी एकच शब्द येतो: पू झाला. बहुतेक वेळा पू झालेला नसतो. आत साचलेलं असतं पाणी. पशुवैद्यक त्याला सिरोमा म्हणतात, आपण पाण्याची गाठ म्हणू. उलट खरा जंतुसंसर्ग कित्येकदा लिंबाएवढीही सूज न दाखवता टाक्यांच्या एका टोकाला गुपचूप सुरू होतो. म्हणून सूज किती मोठी यावरून काहीच ठरवू नका. तिथे हात लावला तर गरम लागतं का, कुत्रं कसं वागतंय आणि कालच्यापेक्षा आज काय बदललं, या तीन गोष्टींवरून ठरवायचं.

पाणी साचतं कशामुळे, ते आधी बघू. पुढचा पाय बहुधा खांद्याच्या पसरट हाडासकट काढतात. मागचा पाय मांडीच्या मधून नाहीतर खुब्याच्या सांध्यातून काढतात. एवढा मोठा भाग निघाला की कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये पोकळी राहते. आतून कितीही टाके घातले तरी ती पूर्ण मिटत नाही. कापल्या गेलेल्या बारीक रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्यांतून (पेशींभोवतीचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांतून) पाझरणारं द्रव तिथे उतरतं. त्यातच तीन पायांवरचं कुत्रं चालत नाही, टणाटणा उड्या मारत जातं. प्रत्येक उडीला कातडी आतल्या थरावर घसरते, चिकटू पाहणारे थर पुन्हा सुटतात आणि जागा पाण्याने भरते. पाणी खालीच जाणार, त्यामुळे पुढचा पाय काढलेल्या कुत्र्यात पिशवी छातीच्या तळाशी दिसते आणि मागचा काढलेल्यात पोटाच्या बाजूला, जांघेकडे. सूज टाक्यांपासून चार बोटं लांब दिसली म्हणून घाबरून जायचं कारण नाही.

जंतुसंसर्गात हीच पोकळी असते, पण आत जंतू शिरलेले असतात. ते चाटण्यातून, ओल्या अंथरुणातून, सुटलेल्या टाक्यातून येतात आणि कधीकधी घरी सुई टोचण्यातूनही. शरीर त्यांच्याशी लढतं म्हणून जागा तापते, लाल होते, दुखते.

आता हात लावून बघा. आधी हात धुवा. हाताची मागची बाजू सुजेवर पाच सेकंद ठेवा आणि लगेच शरीराच्या दुसऱ्या बाजूला त्याच जागी ठेवा. पाण्याची गाठ आजूबाजूच्या कातडीइतकीच कोमट लागते. संसर्ग असला तर फरक हाताला स्पष्ट कळतो. मग दोन बोटांनी हलकेच एका बाजूने दाबा. आतलं पाणी दुसऱ्या बाजूला सरकलं, फुगा दाबल्यासारखं वाटलं आणि कुत्र्याने मान वळवून नुसतं बघितलं, तर सिरोमाची शक्यता जास्त. सूज ताठ असेल, कातडी ताणून चकाकत असेल आणि बोट लागताच कुत्रं अंग आक्रसून घेत असेल किंवा गुरगुरत असेल, तर मामला वेगळा आहे. बोट काढल्यावर खड्डा तसाच राहिला तर पाणी पिशवीत नसून कातडीच्या पेशीजालात मुरलेलं आहे. ही सूज पहिल्या दिवसांत येते आणि आपोआप उतरते.

रंग फसवतो. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत जांभळट डाग पोटापर्यंत उतरतात, मग हिरवट-पिवळे पडतात आणि दहाएक दिवसांत जातात. ते साकळलेलं रक्त आहे. काळजी करायची ती टाक्यांच्या रेषेभोवती रोज रुंदावणाऱ्या गरम लालीची. ती पसरते की नाही हे आठवणीवर सोडू नका. केस काढलेल्या कातडीवर लालीची आणि सुजेची कड साध्या बॉलपेनने आखा, टाक्यांवर मात्र नको. रोज ठरावीक वेळी, त्याच उजेडात, त्याच अंतरावरून फोटो काढा.

टाक्यांतून काही झिरपत असेल तर पांढरा गॉजचा तुकडा हलकेच टेकवा आणि खिडकीशी नेऊन बघा. फिकट पिवळा किंवा गुलाबीसर, पाण्यासारखा पातळ, वास नसलेला डाग म्हणजे सिरोमा वाट काढतोय. दाट, गढूळ, पिवळा-हिरवा किंवा चॉकलेटी आणि घाण वास येणारा स्राव म्हणजे पू. आतलं पाणी बाहेर यावं म्हणून डॉक्टरांनी ड्रेनची नळी ठेवली असेल तर सुरुवातीला लालसर पातळ पाणी येणारच, ते दिवसागणिक कमी होत गेलं पाहिजे.

ताप गुदद्वारात डिजिटल थर्मामीटर घालूनच मोजावा. नाक गरम की गार, याला काही अर्थ नाही. टोकाला पेट्रोलियम जेली लावा, साधारण दोन सेंटीमीटर आत सरकवा आणि बीप होईपर्यंत धरून ठेवा. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण 38.3 ते 39.2 सेल्सिअस, म्हणजे 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. चालून किंवा धापा टाकून झाल्यावर लगेच मोजू नका. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: ऑपरेशननंतर दिलेली दुखण्या-सुजेची औषधं तापही खाली आणतात. त्यामुळे ताप आहे म्हणजे बहुधा काहीतरी बिघडलंय, पण ताप नाही म्हणून संसर्ग नाहीच असं म्हणता येत नाही. अशा वेळी जास्त भरवसा वागण्यावर ठेवा. कालपर्यंत वाटी चाटूनपुसून खाणाऱ्या कुत्र्याने आज खाणं सोडलं, उठवूनही उठत नाही, तर थर्मामीटर काहीही सांगो, डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

पाण्याच्या गाठीवर खरा उपाय म्हणजे हालचाल कमी करणं, आणि घरोघरी नेमका हाच पाळला जात नाही. कुत्रं तीन पायांवर उत्साहाने नाचायला लागलं की सगळ्यांना आनंद होतो आणि पट्टा सुटतो. टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण 10 ते 14 दिवस, शी-शूपुरतं पाचेक मिनिटं पट्ट्याने बाहेर न्या. जिना आणि सोफा बंद. गुळगुळीत फरशीवर न घसरणाऱ्या चटया टाका, कारण एका घसरण्याने आतले चिकटलेले थर सुटू शकतात. चाटू नये म्हणून गळ्यातली नरसाळ्यासारखी कॉलर रात्रीही ठेवा. पहिले दोन-तीन दिवस कापडात गुंडाळलेला गार शेक, त्यानंतर डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर कोमट. कापड कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळा, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा आणि दहा मिनिटं, दिवसातून तीनदा सुजेवर धरा. उघड्या टाक्यांवर ओलं कापड नको. एवढ्यावर बहुतेक गाठी दोन-चार आठवड्यांत शोषल्या जातात.

पाणी काढून टाकायचा आग्रह मात्र धरू नका. पोकळी तशीच असते, त्यामुळे ती पुन्हा भरते, आणि प्रत्येक सुईबरोबर जंतू आत जाण्याचा धोका वाढतो. गाठ फार ताणली असेल किंवा निदान अडलं असेल तर डॉक्टर निर्जंतुक पद्धतीने थोडं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पांढऱ्या पेशींच्या पोटात जंतू दिसले की प्रश्न मिटला. हेच द्रव कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, पाठवून अँटिबायोटिक ठरवता येतं. घरात उरलेल्या जुन्या गोळ्या सुरू केल्या तर कल्चरचा निकाल बिघडू शकतो आणि जंतू अर्धवट दबून पुन्हा उसळतात. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा स्पिरिट ओतू नका, त्याने भरत आलेल्या पेशीही मरतात. माणसांच्या आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलला हातही लावू नका, कुत्र्याला त्यांनी विषबाधा होऊ शकते.

साध्या पाण्याच्या गाठीत नंतरही जंतू शिरू शकतात. सहाव्या दिवसापर्यंत गार आणि मऊ असलेली पिशवी आठव्या दिवशी गरम आणि ताठ झाली तर आधीचं निदान विसरा आणि पुन्हा दाखवा.

दोन प्रकारच्या सुजा या तुलनेत बसतच नाहीत. पहिल्या दिवसभरात झपाट्याने फुगणारी सूज आणि पांढुरक्या पडलेल्या हिरड्या म्हणजे आत रक्तस्राव असू शकतो. तेव्हा गॉज आणि थर्मामीटर बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा. दुसरी म्हणजे हाडाच्या कॅन्सरमुळे पाय काढलेल्या कुत्र्यात काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येणारी टणक, न सरकणारी गाठ. ती शेकत बसू नका, सुईने पेशी काढून तपासून घ्या.