स्की लिफ्टचे तिकीट

बर्फाच्छादित डोंगरावर चेअरलिफ्टने (तारेवरून सरकणारी खुर्ची) किंवा गंडोलाने (तारेवरून सरकणारा बंद डबा) जाण्यासाठी स्की रिसॉर्टला द्यावे लागणारे शुल्क. अमेरिका-युरोपात हे तिकीट फेरीचे नसून बहुधा दिवसाचे असते. सकाळी घेतले की लिफ्ट बंद होईपर्यंत कितीही वेळा वर जावे आणि घसरत खाली यावे. स्की (पायांना बांधायच्या घसरपट्ट्या), बूट यांचे भाडे आणि शिकवणीचे पैसे वेगळे.

जगातील पहिली चेअरलिफ्ट १९३६ मध्ये अमेरिकेतील आयडाहो राज्यात, सन व्हॅली येथे सुरू झाली. तिची कल्पना जहाजावर केळीचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून सुचली होती. घडांच्या जागी माणसे आली, इतकेच. पुढे कोलोरॅडोतील वेल हे रिसॉर्ट डिसेंबर १९६२ मध्ये उघडले, तेव्हा दिवसाचे तिकीट ५ डॉलर होते. महागाई जमेस धरली तरी ते आजचे जेमतेम ५०-५५ डॉलर होतात. प्रत्यक्षात गर्दीच्या दिवसांत वेलच्या खिडकीवर आता ३०० डॉलरहून अधिक मोजावे लागतात.

लिफ्टची देखभाल, कृत्रिम बर्फ, रात्रभर उतार सपाट करणारी यंत्रे हा खर्च गिऱ्हाईक आले नाही तरी चुकत नाही, आणि बर्फ पडेलच याची हमी नसते. ही जोखीम गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालण्याची युक्ती म्हणजे हंगामी पास. वेल रिसॉर्ट्स कंपनीने २००८ मध्ये ५७९ डॉलरला 'एपिक पास' आणला. २०१८ मध्ये अल्टेरा कंपनीचा 'आयकॉन पास' आला. दोन्ही पास अनेक डोंगरांवर चालतात. विक्री वसंत ऋतूत सुरू होते, किंमत टप्प्याटप्प्याने चढते आणि डिसेंबरच्या सुमारास विक्री थांबते. म्हणजे हंगाम भरात येण्याआधीच कंपनीच्या गल्ल्यात पैसे. पूर्ण एपिक पासची किंमत आता हजार डॉलरच्या पुढे गेली आहे. तरी खिडकीवरच्या दराने हिशेब केला तर चार दिवसांत तो वसूल होतो. मुंबईच्या लोकलचा मासिक पास काढणाऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागत नाही. फरक एवढाच की लोकलचे साधे तिकीट पास खपावा म्हणून महाग केलेले नसते. खिडकीवरचा दर हा बव्हंशी धाक दाखवण्यासाठी असतो, असेच म्हणावे लागते.

त्यामुळे काटकसरीचा पहिला नियम म्हणजे खिडकीवर तिकीट न घेणे. वर्षातून दोन-तीनच दिवस जाणाऱ्यांसाठी १ ते ७ दिवसांचे एपिक डे पास मिळतात; तेही आधीच घ्यावे लागतात. २०१९ पासूनचा 'इंडी पास' छोट्या, स्वतंत्र डोंगरांवर प्रत्येकी दोन दिवस देतो. पासधारक मित्र असेल तर त्याच्या वाट्याची सवलतीची तिकिटे मागून घ्यावीत. नाताळ आणि अमेरिकेतली फेब्रुवारीतली प्रेसिडेंट्स डेची जोडसुट्टी टाळून मंगळवार-बुधवार गाठला तर दर उतरतात, रांगही नसते. नवशिक्याने तर पूर्ण डोंगराचे तिकीट काढूच नये. त्याला पायथ्याची लिफ्ट, शिकवणी आणि भाडे यांचे एकत्र पॅकेज पुरते.

दुसऱ्याचे वापरलेले तिकीट घेणे मात्र बहुतेक ठिकाणी चालत नाही. पूर्वी जॅकेटच्या चेनला तारेची कडी अडकवून तिच्यावर तिकीट चिकटवत. ते काढू गेल्यास फाटे. आता खिशात चिपचे कार्ड असते आणि फाटक आपोआप उघडते. कार्डाच्याच खिशात मोबाइल ठेवला तर फाटक कधी कधी हटून बसते, आणि मागे रांग खोळंबते.

युरोपात धाकाचे हे तंत्र इतके टोकाला गेलेले नाही. इटलीतील 'दोलोमिती सुपरस्की' या स्की क्षेत्रांच्या समूहाच्या बारा भागांतील सुमारे १,२०० किलोमीटर उतारांचे दिवसाचे तिकीट १०० युरोच्या आत येते.

मराठी पर्यटकांना परिचित असलेल्या गुलमर्गच्या गंडोलात तिकीट टप्प्यागणिक असते: पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत. तिथे स्कीवाल्यांपेक्षा बर्फ पाहायला आलेलेच अधिक, आणि चढाओढ स्वस्त तिकिटासाठी नसून मुळात तिकीट मिळवण्यासाठी असते. म्हणून सहलीची तारीख ठरताच ते ऑनलाइन काढून ठेवतात.