वैद्यकीय समकक्ष परीक्षणातील बाह्य परीक्षक

एखाद्या डॉक्टरने केलेल्या उपचारांची त्याच विषयातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी केलेली तपासणी म्हणजे समकक्ष परीक्षण किंवा पीअर रिव्ह्यू. रुग्णालयातल्याच डॉक्टरांची समिती हे काम करते. काही प्रकरणे मात्र ती बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवते. हा बाह्य परीक्षक. तो सहसा रुग्णाला पाहत नाही. केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, एक्स-रे आणि स्कॅन, परिचारिकांच्या नोंदी वाचून तो लेखी अभिप्राय देतो. पुढे काय करायचे हे समिती ठरवते.

बाहेरचा माणूस लागतो तो मुख्यतः हितसंबंधांमुळे. मध्यम आकाराच्या रुग्णालयात मेंदूचे शल्यविशारद दोन असले, तर त्यातला दुसरा हा पहिल्याचा भागीदार असतो नाहीतर स्पर्धक. भागीदार झाकून घेईल आणि स्पर्धक काटा काढेल, ही शंका दोघेही सज्जन असले तरी सुटत नाही. अमेरिकेत ती न्यायालयापर्यंत गेली. ओरेगन राज्यातल्या अ‍ॅस्टोरिया गावात रुग्णालय एकच होते आणि तिथले बहुतेक डॉक्टर एकाच खाजगी क्लिनिकचे भागीदार किंवा नोकर होते. त्या क्लिनिकची भागीदारी नाकारून एका सर्जनने स्वतंत्र व्यवसाय थाटला. १९८१ मध्ये रुग्णालयात त्याच्या कामाची चौकशी सुरू झाली, आणि चौकशी करणाऱ्यांत क्लिनिकचीच मंडळी होती. रुग्णालयात उपचार करण्याचे त्याचे अधिकार काढून घेतले जाण्याआधीच त्याने तिथला राजीनामा दिला. मक्तेदारीविरोधी कायद्याखालचा त्याचा दावा ज्यूरीने मान्य केला, वरच्या न्यायालयाने फेटाळला आणि १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पॅट्रिक विरुद्ध बर्गेट या नावाने हा खटला ओळखला जातो.

ज्यूरीच्या त्या निकालाने परीक्षण करणारे डॉक्टर धास्तावले. १९८६ चा आरोग्यसेवा गुणवत्ता सुधारणा कायदा येण्यामागे ही धास्ती मोठ्या प्रमाणात होती. प्रामाणिक परीक्षण करणाऱ्यांना या कायद्याने नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण दिले. अट अशी की कारवाई रुग्णसेवेच्या हितासाठी आहे असे मानायला सयुक्तिक आधार हवा, वस्तुस्थिती नीट तपासलेली हवी आणि संबंधित डॉक्टरला नोटीस व सुनावणी मिळायला हवी. सुनावणी घेणारे त्याचे थेट आर्थिक स्पर्धक असता कामा नयेत, असेही कायदा सांगतो. बाहेरच्या तज्ज्ञाचे मत घेतलेले असले की ‘वस्तुस्थिती तपासली’ हे दाखवणे रुग्णालयाला सोपे जाते.

परीक्षक त्याच शाखेचा आणि शक्यतो अजून प्रत्यक्ष काम करणारा असावा, ही किमान अपेक्षा. त्याला विचारलेला प्रश्न नेमका हवा. ‘शस्त्रक्रिया करायला हवी होती का’, ‘रक्तस्राव ओळखायला उशीर झाला का’ या प्रश्नांना उत्तर देता येते. ‘हा डॉक्टर कसा आहे’ याला नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रकरणे कोणी निवडली. एखाद्याची फक्त बिघडलेली दहा प्रकरणे पाठवली तर कोणताही सर्जन वाईट दिसेल. म्हणून त्यांच्यासोबत शेवट न बघता उचललेली प्रकरणेही पाठवणे चांगले. हे पथ्य दर वेळी पाळले जातेच असे नाही.

दुरून पाहण्याचा तोटाही आहे. मोठ्या शैक्षणिक रुग्णालयातल्या परीक्षकाला लहान ठिकाणी मध्यरात्री रक्तपेढी बंद होती, हे केसपेपरवरून कळत नाही. शिवाय शेवट ठाऊक असलेला माणूस आधीच्या पानांवर दोष शोधतोच. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११२ भूलतज्ज्ञांना २१ प्रकरणे दिली होती. तीच प्रकरणे, फक्त काहींच्या हाती हानी तात्पुरती आणि काहींच्या हाती कायमची असे लिहून. हानी कायमची असल्याचे वाचले की उपचार योग्य ठरवणाऱ्यांचे प्रमाण घटले. बाहेरून आल्यामुळे हा दोष जात नाही. त्यातच परीक्षकाचे मानधन त्याला नेमणारे रुग्णालय देते. पुन्हा काम मिळावे अशी इच्छा असणाऱ्याचे मत कितपत तटस्थ, हा प्रश्न विचारायलाच हवा.

ब्रिटनमध्ये ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात बालकांच्या हृदयशस्त्रक्रियांत काही चुकते आहे, असे एक भूलतज्ज्ञ काही वर्षे आतून सांगत होता. बाहेरचा एक शल्यविशारद आणि एक हृदयरोगतज्ज्ञ तिथे परीक्षणासाठी आले ते १९९५ मध्ये. लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स १९९८ पासून रुग्णालयांच्या विनंतीवरून असे परीक्षण करते. त्याच्या पथकात डॉक्टर नसलेला सदस्यही असतो, जो अमेरिकी पद्धतीत क्वचितच दिसतो.

बाह्य परीक्षकाचा अहवाल बहुधा गोपनीय राहतो. डॉक्टरांनी एकमेकांबद्दल मोकळेपणाने लिहावे म्हणून अमेरिकेतल्या राज्यांच्या कायद्यांनी परीक्षणाच्या कागदपत्रांना संरक्षण दिले आहे. रुग्णाच्या कुटुंबाला मात्र त्यामुळे काय घडले ते कळत नाही. फ्लोरिडाच्या मतदारांनी २००४ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून वैद्यकीय दुर्घटनांच्या नोंदी पाहण्याचा हक्क रुग्णांना दिला. रुग्णालयाने बाहेरच्या संस्थेकडून करून घेतलेले परीक्षणही त्या हक्कात येते, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला.