नवे आकाश, नवी पृथ्वी : ख्रिस्ती अंतकाळविचाराची पार्श्वभूमी

‘जगाचा अंत’ हा विषय निघाला की चर्चा बहुधा दोनच गोष्टींवर येऊन थांबते : तो कधी होणार आणि त्यातून कोण वाचणार. ख्रिस्ती मंडळीने एकत्र येऊन जे मान्य केले ते मात्र फारच मोजके आहे. इ.स. ३८१ च्या कॉन्स्टंटिनोपल परिषदेशी जोडला जाणारा मतांगिकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, आजही पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या उपासनेत म्हटला जातो. ख्रिस्त गौरवाने पुन्हा येईल, जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील, त्याच्या राज्याला अंत नसेल, आणि मृतांचे पुनरुत्थान व येणाऱ्या युगातले जीवन यांची आम्ही वाट पाहतो, एवढेच त्यात आहे. तारीख नाही, हजार वर्षांचे राज्य नाही, विश्वासणाऱ्यांना गुपचूप उचलून नेणेही नाही. या बाकीच्या गोष्टी कुठून आल्या, हाच या इतिहासाचा मोठा भाग.

सुरुवात जुन्या करारात आहे. ‘मी नवे आकाश व नवी पृथ्वी निर्माण करतो’ ही भाषा यशयाच्या ६५व्या अध्यायातली. तिथे लगेच पुढे येते ते अगदी जमिनीवरचे चित्र : लोक घरे बांधतील व त्यांत राहतील, द्राक्षमळे लावतील व त्यांची फळे खातील. आपण बांधलेल्या घरात दुसराच राहू नये, ही बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांची आशा. मेलेले उठतील, हे स्पष्ट विधान दानीएलाच्या १२व्या अध्यायात येते. बहुतेक अभ्यासक या ग्रंथाचा अंतिम आकार इ.स.पू. १६५च्या आसपासचा मानतात. सेल्युकिड राजा अँटिओकस चौथा याने इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमचे मंदिर विटाळले आणि नियमशास्त्र पाळणाऱ्यांना ठार मारले. जे निष्ठावान राहिले तेच मेले, मग देवाचा न्याय कुठे? पुनरुत्थानाचा विश्वास या प्रश्नातून धारदार झाला. आत्मा अमर आहे की नाही, हा तात्त्विक वाद त्याच्या मुळाशी नव्हता.

येशूने ‘देवाचे राज्य जवळ आले आहे’ असे सांगितले ते याच अपेक्षेच्या भाषेत. मार्क १३ मध्ये मंदिराचा नाश आणि मनुष्याच्या पुत्राचे येणे यांबद्दलचे बोलणे एकमेकांत गुंतलेले आहे. मंदिर इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती तीतस याच्या सैन्याने पाडले. म्हणून त्या अध्यायातले कोणते वचन इ.स. ७० बद्दल आणि कोणते शेवटाबद्दल, हा वाद आजही मिटलेला नाही. त्याच अध्यायाचे ३२वे वचन मात्र गुंतागुंतीचे नाही : तो दिवस वा ती घटका पित्याशिवाय कोणालाही, पुत्रालाही, ठाऊक नाही. तारखा काढणाऱ्या प्रत्येकाला या वचनाला वळसा घालावा लागला आहे.

पौलाने थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र इ.स. ५०च्या सुमारास लिहिले. तिथल्या मंडळीची अडचण साधी होती : प्रभू येण्याआधीच आपले काही लोक मेले, त्यांचे काय? पौल उत्तर देतो की मेलेले आधी उठतील, मग जिवंत असलेलेही त्यांच्याबरोबर प्रभूला भेटायला मेघांत घेतले जातील. त्या काळी राजा नगराला भेट देणार असला की नागरिक वेशीबाहेर सामोरे जात आणि त्याला घेऊन आत येत. या प्रथेकडे पाहिले तर पौलाच्या चित्राची दिशा पृथ्वीकडे येणारी ठरते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात तो पुनरुत्थित शरीराची चर्चा करतो, आणि रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात अख्खी सृष्टीच प्रसूतिवेदना सोसत मुक्तीची वाट पाहत असल्याचे म्हणतो. मेल्यावर आत्मा स्वर्गात जातो आणि तिथेच कथा संपते, ही आज सर्रास ऐकू येणारी समजूत या मांडणीत बसत नाही.

प्रकटीकरणाचा ग्रंथ साधारणतः इ.स. ९५च्या सुमाराचा, सम्राट डोमिशियनच्या अखेरच्या वर्षांतला धरतात. लेखक योहान पात्म बेटावर होता. त्याचा २१वा अध्याय वाचताना मोजमापांकडे लक्ष द्यावे. नवी यरुशलेम लांबी, रुंदी आणि उंची तिन्हींत १२,००० स्टेडिया, म्हणजे सुमारे २,२०० किलोमीटर. असे घनाकृती शहर कोणी बांधत नाही. पण शलमोनाच्या मंदिरातले परमपवित्रस्थान नेमके तसेच, २० हात बाजूचे घन होते. पूर्वी वर्षातून एकदाच महायाजक जिथे जाई, ती जागा आता अख्ख्या नगराएवढी झाली, असा त्या आकड्याचा अर्थ. म्हणूनच पुढे ‘त्या नगरात मंदिर मी पाहिले नाही’ असे वाक्य येते. ही मोजमापे नकाशासारखी वाचली की हा धागा हातातून सुटतो. शिवाय हे नगर स्वर्गातून खाली उतरते; माणसे वर जात नाहीत. राष्ट्रांचे वैभवही त्यात आणले जाते, म्हणजे जुन्यातले काही तरी नव्यात टिकते.

वादाचे मूळ त्याआधीच्या, २०व्या अध्यायात आहे. सहा वचनांत सहा वेळा ‘हजार वर्षे’ येतात : सैतान बांधला जातो, हुतात्मे ख्रिस्ताबरोबर राज्य करतात, मग शेवटचा न्याय. दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती लेखक पापियास, जस्टिन व आयरेनियस यांनी हे राज्य याच पृथ्वीवर होईल असे मानले. पापियासच्या नावावरचे एक वर्णन आयरेनियसने जपले आहे : प्रत्येक द्राक्षवेलीला १०,००० फांद्या, प्रत्येक फांदीला १०,००० डहाळ्या, असे करत करत प्रत्येक घडात १०,००० द्राक्षे. अतिशयोक्ती उघड आहे, पण हेतूही उघड आहे. निर्मिती ही वाईट देवाची करणी, असे सांगणाऱ्या ज्ञेयवादी पंथांना आयरेनियस या वर्णनातून उत्तर देत होता. जस्टिनचा प्रामाणिकपणा इथे नोंदवण्यासारखा : आपल्यासारखे न मानणारे पुष्कळ सच्चे ख्रिस्ती आहेत, हे तो स्वतःच सांगतो.

याच काळात आकडेमोडही सुरू झाली. निर्मितीचे सहा दिवस, एक दिवस हजार वर्षांसारखा, म्हणून जगाचे आयुष्य ६,००० वर्षे. तिसऱ्या शतकातला लेखक हिप्पोलितस याने ख्रिस्तजन्म जगाच्या ५५००व्या वर्षी धरला, म्हणजे शेवट सुमारे इ.स. ५०० ला. त्याच्या श्रोत्यांसाठी तो दिलासा होता : छळ चालू असला तरी शेवट उद्या नाही. त्याच शतकातल्या ओरिजेन या धर्मशास्त्र्याने मात्र पार्थिव राज्याची कल्पनाच नाकारली. पुढे ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात हजार वर्षांचा अर्थ ख्रिस्ताच्या दोन येण्यांमधला मंडळीचा काळ असा लावला, आणि पश्चिमेत तोच सुमारे हजार वर्षे टिकला. ऑगस्टीनने आकडेमोडीची धारच काढून घेतली, हे त्याचे मोठे काम. त्याची किंमतही पडली : लक्ष हळूहळू नव्या सृष्टीवरून हटून प्रत्येकाच्या मरणोत्तर गतीकडे, शुद्धिस्थानाकडे (मृत आत्मे स्वर्गाआधी शुद्ध होतात ती अवस्था) आणि स्वर्गदर्शनाकडे वळले. बाराव्या शतकात फिओरेचा जोआकिम या इटालियन मठाधिपतीने इतिहासाची पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशी तीन युगे मांडली, आणि त्याच्या अनुयायांनी १२६० या वर्षावर नजर लावली. ते वर्ष आले आणि गेले.

धर्मसुधारकांना हा विषय जपून हाताळावा लागला. ल्यूथरने १५२२ मध्ये प्रकटीकरणाच्या प्रस्तावनेत त्या ग्रंथाबद्दल उघड नाराजी लिहिली. १५३० मध्ये त्याने ती प्रस्तावना बदलली. कॅल्व्हिनने नव्या करारावर विपुल भाष्य केले, पण प्रकटीकरणावर नाही. १५३४-३५ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात अ‍ॅनाबाप्तिस्तांच्या (बालबाप्तिस्मा न मानणाऱ्या पंथाच्या) एका गटाने नवी यरुशलेम स्थापल्याचे जाहीर केले आणि त्याचा शेवट वेढा, उपासमार व कत्तलीत झाला. त्यानंतर हजार वर्षांच्या राज्याचे नाव काढणेही संशयास्पद ठरले.

तारीख काढण्याची पद्धत कशी चालते आणि कुठे अडते, हे विल्यम मिलर या अमेरिकन बाप्तिस्त प्रचारकाच्या गणितात स्वच्छ दिसते. दानीएल ८:१४ मध्ये २,३०० ‘संध्याकाळ-सकाळ’ आहेत. मिलरने एक दिवस म्हणजे एक वर्ष असा नियम लावला आणि मोजणी इ.स.पू. ४५७ पासून, यरुशलेमविषयीच्या इराणी राजा अर्तहशश्त याच्या आज्ञेपासून, धरली. २,३०० वजा ४५७ म्हणजे १८४३. इसवी सनाच्या गणनेत शून्य वर्ष नसल्याने उत्तर एकाने सरकून १८४४ होते. शेवटी ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याचा दिवस २२ ऑक्टोबर १८४४ ठरला. तो कराईट या यहुदी पंथाच्या पंचांगानुसार प्रायश्चित्ताचा दिवस. बेरीज-वजाबाकीत चूक नव्हती. चूक गृहीतकांत होती : दिवसाचे वर्ष का करायचे आणि मोजणी त्याच आज्ञेपासून का, याचे उत्तर त्या अध्यायात नाही. तो अध्याय अँटिओकसने बंद पाडलेल्या सकाळ-संध्याकाळच्या यज्ञांबद्दल आहे, त्यामुळे अनेक अभ्यासक तिथे १,१५० दिवसच मोजतात. तो दिवस काही न घडता गेला. निराश झालेल्यांपैकी काहींनी तारीख कायम ठेवून घटना बदलली, ती स्वर्गातली ठरवली. १८६३ मध्ये स्थापन झालेली सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी त्याच धाग्यातली.

त्याच शतकात जॉन नेल्सन डार्बी या ब्रिटिश-आयरिश प्रचारकाने वेगळीच रचना मांडली. दानीएल ९ मधल्या ७० सप्तकांपैकी (एक सप्तक म्हणजे सात वर्षे) ६९ मसीहापर्यंत संपली, मग घड्याळ थांबले, आणि उरलेली ७ वर्षे भविष्यात येतील. त्या संकटकाळाआधी विश्वासणाऱ्यांना उचलून नेले जाईल. ख्रिस्ताचे एकच आगमन अशा रीतीने दोन टप्प्यांत विभागले गेले. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटिपांमुळे ही योजना घरोघरी पोहोचली. अनेक वाचकांना वचन कोणते आणि टीप कोणती हा फरकच उरला नाही. पौलाच्या पत्रातले मेघांत सामोरे जाणे इथे पृथ्वी सोडून जाणे झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विद्यापीठीय चर्चा दुसऱ्या टोकाने गेली. योहानेस वाइस आणि आल्बर्ट श्वाइत्झर यांनी येशूचा संदेश अंतकाळाच्या अपेक्षेशिवाय समजतच नाही, असे दाखवले. सी. एच. डॉड यांनी राज्य येशूबरोबर आलेच असे म्हटले. ऑस्कर कुलमान यांनी १९४६ मध्ये दोन्ही जोडले : निर्णायक लढाई जिंकली आहे, पण युद्ध अजून संपलेले नाही. ‘आधीच, तरीही अजून नाही’ ही आज बहुसंख्य प्रवाहांत वापरली जाणारी मांडणी तिथून रुळली.

जुनी पृथ्वी नष्ट होईल की नवी केली जाईल, हा प्रश्न मात्र खुलाच आहे. सतराव्या शतकात योहान गेर्हार्डसारखे ल्यूथरन धर्मशास्त्री जगाचा संपूर्ण नाश मानत. कॅल्व्हिनच्या परंपरेतले नूतनीकरण. दोन्ही बाजू २ पेत्र ३ मधल्या अग्नीकडे बोट दाखवतात. पण तोच लेखक पुराच्या पाण्याने ‘जग नाश पावले’ असे म्हणतो, आणि त्या पुरात पृथ्वी नाहीशी झाली नव्हती. म्हणून नूतनीकरणाची बाजू मला जास्त भक्कम वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये विश्वाचे रूपांतर कसे होईल ते आपल्याला ठाऊक नाही असे सांगितले, आणि नव्या पृथ्वीच्या अपेक्षेने या पृथ्वीची काळजी कमी होऊ नये असेही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने इतिहासाच्या आतच मसीही राज्य उभारण्याचा दावा परिच्छेद ६७६ मध्ये नाकारला आहे. इव्हँजेलिकल मंडळ्यांत मात्र २०व्या अध्यायाचे तीनही अर्थ, म्हणजे हजार वर्षांआधी येणारा ख्रिस्त, नंतर येणारा ख्रिस्त आणि प्रतीकात्मक हजार वर्षे, आजही बाजूबाजूला शिकवले जातात.