मधमाश्यांची फुलनिवड (चारापिकांवरील)

बांधाला बांध लागून दोन चारापिके फुलावर असली, तर कोणत्या पिकावर जायचे हे मधमाशी मिळणारी साखर आणि त्यासाठी पडणारे कष्ट यांवरून ठरवते. मकरंद किती गोड, फुलाची नळी किती खोल, शेत पोळ्यापासून किती लांब, हे सारे त्या हिशेबात येते. नुसती फुलांची रेलचेल पुरत नाही.

लसूणघासाचे जांभळे फूल याचा उत्तम नमुना. माशी खालच्या पाकळ्यांवर बसून सोंड आत घालते, तोच आत ताणून धरलेला पुंकेसरांचा दांडा स्प्रिंगसारखा सुटून तिच्या डोक्यावर आपटतो. परागण होते ते याच फटक्याने. मकरंदासाठी आलेली माशी लवकरच शहाणी होते आणि पाकळ्यांच्या बाजूच्या फटीतून सोंड सारून मकरंद काढून नेते. फूल न सुटता तसेच राहते. माशीचा हिशेब चोख, पण बियाणे घेणाऱ्याच्या दृष्टीने ही चोरीच. उत्तर अमेरिकेत म्हणून लसूणघासाच्या बियाण्यासाठी पाने कातरणाऱ्या एकांड्या माश्या पाळतात. चाऱ्यासाठी लावलेला घास बहुधा फुलोरा भरात येण्याआधीच कापला जातो, तेव्हा तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. बरसीम या दुसऱ्या चारापिकाच्या फुलात असा फटका नसतो. माश्या त्यावर मोकळेपणी बसतात आणि बीही चांगले धरते.

तांबड्या क्लोव्हरची (बरसीमच्याच कुळातले चारापीक) अडचण वेगळी. त्याची नळी सुमारे ९-१० मिमी. खोल, तर युरोपीय मधमाशीची सोंड ६-७ मिमी. आत मकरंद असतो, पण सोंड तिथवर पोचत नाही. न्यूझीलंडमध्ये या पिकाला बी धरेना, म्हणून १८८५ मध्ये इंग्लंडहून लांब सोंडेच्या बंबलबी (मोठ्या, केसाळ माश्या) नेल्या. पांढऱ्या क्लोव्हरची नळी आखूड, त्यामुळे मधमाश्यांची पसंती त्यालाच.

मका व ज्वारीत मकरंद नसतो. तिथल्या सकाळच्या फेऱ्या केवळ परागासाठी.

एक माशी एका फेरीत सहसा एकाच जातीची फुले धरते; पायांवरच्या परागाच्या गोळ्या म्हणूनच बहुधा एकरंगी दिसतात. चांगले शेत सापडलेली माशी पोळ्यात नाचून त्याची दिशा व अंतर सांगते, आणि अंगाला लागलेल्या वासावरून इतरांना फूल ओळखता येते. या नाचाचा अर्थ लावणारे कार्ल फॉन फ्रिश (नोबेल, १९७३) यांनी याच वासाचा उपयोग करून पाहिला: तांबड्या क्लोव्हरच्या फुलांचा वास दिलेला साखरपाक मधमाश्यांच्या पेटीत ठेवला, तेव्हा माश्या त्या पिकाकडे अधिक वळल्या.