‘राहू दे, मी बघते’ म्हणणारी बाई आणि होमिओपॅथी

होमिओपॅथीच्या दवाखान्यात पहिल्या भेटीला काही प्रश्न हमखास विचारले जातात. रडू आलं तर चारचौघांत रडता की एकट्याने? कुणी समजूत घातली तर बरं वाटतं, की आणखी चिडचिड होते? जुना अपमान किती वर्षं लक्षात राहतो? जेवताना मीठ वरून लागतं का? पाठदुखी, अर्धशिशी किंवा अंगावर उठणारं पित्त घेऊन आलेली बाई या प्रश्नांनी आधी गोंधळते. घराचं सगळं स्वतःच ओढणारी, आजारपणातही ‘राहू दे, मी बघते’ म्हणणारी बाई मात्र इथेच थबकते. तिच्या मनाला काय होतं, हे आजवर कुणी विचारलेलंच नसतं. अलीकडे अशा ‘अति स्वावलंबी’ बायकांसाठी होमिओपॅथीतून भावनिक उपचार करण्याची भाषा बरीच ऐकू येते. ती आली कुठून, हे नीट पाहिलं पाहिजे.

झाक्सनीतल्या माइसन गावी १७५५ साली जन्मलेले सॅम्युअल हानेमान हे रीतसर शिकलेले वैद्य होते. रक्त काढणं, पारा देणं, जुलाब देऊन रोग्याला खिळखिळं करणं, या तत्कालीन उपचारांचा त्यांना वीट आला होता. १७९० मध्ये सिंकोनाच्या सालीचा प्रयोग त्यांनी स्वतःवर केला आणि १७९६ मध्ये ‘समानाने समानाचा उपचार’ (निरोगी माणसात जो पदार्थ जी लक्षणं उठवतो, तोच त्या लक्षणांच्या रोग्याला द्यायचा) हा विचार छापून मांडला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने मधलं १७९२ हे वर्ष जास्त मोलाचं आहे. त्या वर्षी हॅनोव्हरच्या दरबारातला क्लॉकेनब्रिंग नावाचा एक अधिकारी वेड लागलेल्या अवस्थेत गेओर्गेन्थाल इथे हानेमान यांच्याकडे आणला गेला. वेड्यांना साखळदंड घालण्याचा, फटके मारण्याचा तो काळ. हानेमान यांनी मारहाणीला साफ नकार दिला. पहिले दोन आठवडे औषधच दिलं नाही, नुसतं लक्ष ठेवलं. होमिओपॅथी अजून जन्मायची होती, पण तिची सर्वांत चांगली सवय तेव्हाच लागली होती.

१८१० मध्ये होमिओपॅथीची तत्त्वं सांगणारं हानेमान यांचं पुस्तक ‘ऑर्गेनन’ आलं. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत रोग्याची हकीकत कशी घ्यावी यावर सलग सूत्रं आहेत: रोग्याला बोलू द्यावं, मध्ये तोडू नये, तो म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. २११ वं सूत्र तर सांगतं की औषध निवडताना रोग्याच्या मनोवृत्तीचं पारडं अनेकदा सर्वांत जड ठरतं. शरीराच्या तक्रारीबरोबर मनाचीही नोंद करायची, हा दंडक तिथून पडला.

मग औषधांची ‘चित्रं’ तयार होत गेली. निरोगी माणसांना एखादा पदार्थ द्यायचा आणि त्यांच्या शरीरात, मनात काय बदल होतात ते टिपायचं, अशी ती पद्धत. साधं मीठ ‘नेट्रम म्युर’ म्हणून औषधांच्या यादीत आलं. माकुळाच्या जातीतल्या कटलफिशची शाई ‘सेपिया’ झाली. फिलिपिन्समधल्या एका विषारी बीपासून ‘इग्नेशिया’ झालं. पुढच्या पिढ्यांनी या चित्रांत रंग भरले. नेट्रम म्युरची बाई दुःख आत गिळते, कुणासमोर रडत नाही, सांत्वनाने तिला त्रासच होतो, आणि मीठ तिला जास्त लागतं. सेपियाची बाई थकून विटलेली, नवरा-मुलांबद्दलही कोरडी झालेली, ओटीपोटात जड वाटणारी. दमदार हालचाल केली की मात्र तिला हलकं वाटतं. इग्नेशिया ताज्या दुःखाचं, उसाशांचं आणि घशात गोळा येण्याचं. स्टॅफिसॅग्रिया गिळलेल्या अपमानाचं.

या सगळ्याला आजचं वळण दिलं ते अमेरिकेच्या जेम्स टायलर केंट यांनी. १८९७ मध्ये त्यांची रेपर्टरी, म्हणजे लक्षणांचा मोठा कोश, बाहेर पडू लागली. त्यातलं पहिलंच प्रकरण मनाचं. ‘सांत्वनाने वाढतं’ अशी नोंद आणि तिच्यापुढे औषधांची यादी, हे तिथे मिळतं. केंट स्वीडनबोर्ग या धर्मचिंतकाचे अनुयायी होते. रोग माणसाच्या अंतःकरणात सुरू होतो आणि तिथून बाहेर शरीरावर उतरतो, अशी त्यांची श्रद्धा होती. भारतातल्या होमिओपॅथी महाविद्यालयांत आजही केंट घोटून घेतले जातात, त्यामुळे आपल्याकडच्या दवाखान्यांतल्या त्या प्रश्नांवर त्यांचीच छाप आहे.

ही शब्दचित्रं मला निरीक्षण म्हणून फार तीक्ष्ण वाटतात. गप्प राहून सोसणारी बाई त्या काळच्या वैद्यकाला दिसत नव्हती. ती यांनी पाहिली. अमेरिकेतच वेअर मिचेल हे नामांकित डॉक्टर खचलेल्या स्त्रियांना आठवडेच्या आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवत. भेटीगाठी बंद, वाचन-लेखन बंद. त्याच्या शेजारी हे ऐकून घेणं ठेवलं की फरक कळतो. पण चित्रं काढणारे बहुतेक पुरुष होते. संसारात मन न लागणं हे त्यांनी बाईचं लक्षण म्हणून लिहिलं. तिची बाळंतपणं किती झाली, ती दिवसाला किती तास राबते, याला कोशात तशी जागा नव्हती. सेपियाला जुन्या पुस्तकांत ‘धोबिणीचं औषध’ म्हटलेलं आढळतं. म्हणजे कष्ट त्यांच्या नजरेला पडले होते, पण कष्टांची नोंद शेवटी औषधाच्या नावाखाली झाली.

आणि गंमत नव्हे, खरोखर विचार करायला लावणारी गोष्ट ही, की होमिओपॅथीचा इतिहासच एका कमालीच्या स्वावलंबी बाईशिवाय पुरा होत नाही. मेलनी द’एर्विली. जन्म पॅरिसचा, १८०० चा. आईच्या छळाला कंटाळून तरुणपणीच घर सोडलं आणि चित्रं काढून स्वतःचं पोट भरलं. १८३४ च्या ऑक्टोबरमध्ये ती पुरुषी पोशाखात एकटीने प्रवास करत जर्मनीतल्या क्योथेनला हानेमान यांच्याकडे उपचारासाठी पोचली. तेव्हा एकट्या बाईला लांबचा प्रवास सुरक्षित नव्हता. हानेमान ७९ वर्षांचे, विधुर. पुढच्याच जानेवारीत दोघांचं लग्न झालं आणि काही महिन्यांत ती त्यांना घेऊन पॅरिसला परतली. तिथे ती त्यांच्या शेजारी बसून रोगी तपासू लागली, मग स्वतंत्रपणेही. अमेरिकेतल्या अ‍ॅलनटाउनच्या होमिओपॅथिक अकादमीने तिला पदविका दिली.

१८४३ मध्ये हानेमान गेले. १८४७ मध्ये विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल तिच्यावर पॅरिसमध्ये खटला झाला आणि १०० फ्रँकचा दंड बसला. तिने काम सोडलं नाही. ‘ऑर्गेनन’च्या सहाव्या आवृत्तीचं हस्तलिखित तिच्याकडे होतं, ती १८७८ मध्ये वारली तरी ते अप्रकाशितच होतं, ते छापलं गेलं १९२१ मध्ये. कुणावर विसंबायचं नाही हा तिचा स्वभाव कुणी कोशातल्या कुठल्या नोंदीत बसवला असता कोण जाणे. मला त्यात आजार दिसत नाही. छळाच्या घरातून बाहेर पडलेल्या मुलीपुढे दुसरा मार्गच नव्हता.

होमिओपॅथी आणि स्वावलंबी बायकांचं हे नातं अमेरिकेत आणखी ठळक दिसतं. हेरिंग या होमिओपॅथ डॉक्टरांचं घरगुती होमिओपॅथीचं पुस्तक १८३५ पासून निघालं आणि औषधांची छोटी पेटी घेऊन आया घरच्या घरी उपचार करू लागल्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या एलिझाबेथ केडी स्टँटनही त्यांतल्याच. न्यूयॉर्कमध्ये क्लेमेन्स लोझियर यांनी १८६३ मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय काढलं, तेही होमिओपॅथीचं. तिथून १८७० मध्ये सुसान मॅकिनी या कृष्णवर्णीय डॉक्टर बाहेर पडल्या. जिथे एरवीची बहुतेक महाविद्यालयं बायकांना दार उघडत नव्हती, तिथे या पद्धतीने त्यांच्या हाती पेटी आणि पदवी दिली. ज्या पद्धतीने बायकांना स्वतःच्या पायावर उभं राहायला मदत केली, तिच्याच कोशाचा आधार घेऊन आज त्यांचा कणखरपणा लक्षण म्हणून मोजला जातो. हा धागा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

भारतातली वाट ओळखीची आहे. १८३९ मध्ये होनिगबर्गर या युरोपीय डॉक्टरांनी महाराजा रणजितसिंहांवर उपचार केले. १८६७ मध्ये कलकत्त्याचे एम.डी. महेंद्रलाल सरकार यांनी उघडपणे होमिओपॅथीची बाजू घेतली आणि आपल्या व्यवसायबंधूंचा बहिष्कार ओढवून घेतला. १८८० मध्ये फादर म्युलर यांनी मंगळुरात गरिबांसाठी दवाखाना सुरू केला. मुंबई राज्याने १९५९ मध्ये होमिओपॅथी व्यावसायिकांसाठी कायदा केला, केंद्राचा कायदा १९७३ चा. आज महाविद्यालयांच्या संख्येत महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे आणि तालुक्याच्या गावात बी.एच.एम.एस. झालेली डॉक्टर मुलगी ही आपल्याला नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

भावनिक उपचाराच्या आजच्या भाषेत मुंबईचा वाटा मोठा आहे. १९९० च्या दशकात इथले होमिओपॅथ राजन शंकरन यांनी मांडलं की माणूस कधीतरी एका कठीण प्रसंगात सापडतो, तेव्हा जगण्यासाठी एक पवित्रा घेतो; प्रसंग सरतो, पवित्रा मात्र तसाच राहतो, आणि तोच रोग. कणखर बाईच्या बाबतीत हे चटकन पटतं: कधीकाळी खरोखरच मदतीला कुणी आलं नव्हतं, आता माणसं आहेत, तरी ती हाक मारत नाही. लंडनचे मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जवळपास हेच १९७० च्या दशकात वेगळ्या मार्गाने सांगितलं होतं. ज्या मुलाने माया मागितली आणि झिडकारलं गेलं, ते मागणंच सोडतं. मोठेपणी त्याचं स्वावलंबन सक्तीचं होतं. आज जे ‘अति स्वावलंबन’ म्हणून बोललं जातं, त्याचं मूळ बोल्बी यांच्या या निरीक्षणात आहे, होमिओपॅथीच्या कोशात नाही.

मात्र दोन्हीकडे एक गोष्ट सुटते. मुंबईच्या गिरणीत नवरा आणि कोकणात शेत, गुरं, सासू-सासरे, पोरं सांभाळणारी बाई, हे आपल्याकडच्या कित्येक घरांचं चित्र होतं. तिला हाक मारायला जवळ कुणी नव्हतंच. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचं उदाहरण तर अंगावर येतं. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा कापला जातो. पाळीच्या दिवसांत, पोट दुखत असतानाही कोयता खाली ठेवता येत नाही. २०१९ मध्ये सरकारच्या समितीने ८२ हजारांहून जास्त बायकांची माहिती घेतली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. या बाईला ‘सांत्वन नको असणारी’ म्हणून नोंदवणं म्हणजे तिच्या डोक्यावरचं ओझं तिच्या स्वभावावर टाकणं आहे.

आता गोळीबद्दल. नेहमी दिली जाणारी ३० ची शक्ती म्हणजे शंभरात एक असं पातळीकरण तीस वेळा, म्हणजे १ वर ६० शून्यं इतकं. बाराव्या पातळीकरणाच्या आसपासच मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता संपते. ब्रिटिश संसदेच्या विज्ञान समितीने २०१० मध्ये होमिओपॅथीचा परिणाम प्लासिबोपलीकडे, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या गोळीपलीकडे, जात नाही असा निष्कर्ष काढला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१५ मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलं की असा एकही आजार नाही ज्यावर ती उपयोगी पडते याचा भरवशाचा पुरावा आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने २०१७ मध्ये ती लिहून देणं थांबवायला सांगितलं, फ्रान्सने २०२१ पासून तिचा खर्च परत देणं बंद केलं. भारताची दिशा वेगळी राहिली: २०१४ मध्ये स्वतंत्र आयुष मंत्रालय, २०२० मध्ये राष्ट्रीय होमिओपॅथी आयोगाचा कायदा. सरकारी मान्यता आणि गुणाचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रुग्णाला स्पष्ट सांगितलं पाहिजे.

तरीही ‘मला त्या डॉक्टरांकडे जाऊन बरं वाटलं’ असं सांगणाऱ्या बायका खोटं बोलत नाहीत. साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी संधिवाताच्या ८३ रुग्णांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ उपचार सगळ्यांचे चालूच होते. काहींना होमिओपॅथीची सविस्तर मुलाखत मिळाली, काहींना नाही. गोळ्या काहींच्या खऱ्या, काहींच्या नुसत्या साखरेच्या. मुलाखत मिळालेल्यांना फायदा झाला. गोळी खरी की खोटी, याने फरक पडला नाही. हानेमान यांनी गेओर्गेन्थालमध्ये औषधाविना घालवलेले ते दोन आठवडे या निष्कर्षाशी जुळतात.

कणखर बाईला ही मुलाखत इतकी का लागू पडते, तेही मग उलगडतं. ती मैत्रिणीकडे रडायला जाणार नाही, समुपदेशकाकडे तर मुळीच नाही. ‘मला काय वेड लागलंय?’ हा प्रश्न तयार असतो. पण केसगळतीसाठी दवाखान्यात जाणं तिला चालतं. तिथे तासभर समोरचा माणूस ऐकतो, लिहून घेतो, आणि हातात पुडी देतो. पुडीमुळे ती मदत मागायला नाही, औषध घ्यायला आली होती असं तिला स्वतःला सांगता येतं. सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागातल्या रांगेत हा तास मिळत नाही, आणि खाजगी समुपदेशनाची फी परवडतेच असं नाही. म्हणून ती पुन्हा त्याच खुर्चीवर येते.

धोका आहे तो पुडीवर सगळं सोपवण्यात. थायरॉइड, रक्तक्षय, पाळी जातानाचे बदल, नैराश्य यांची लक्षणं थकलेल्या, विटलेल्या बाईच्या त्या जुन्या चित्राशी हुबेहूब जुळतात. रक्त तपासल्याशिवाय ‘सेपिया’ लिहिणारा डॉक्टर तिचं नुकसान करतो. चालू असलेली मनोविकाराची किंवा थायरॉइडची गोळी कुणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नये. चांगले होमिओपॅथ आधी तपासण्या करून घेतात आणि झोप उडालेली, जीव नकोसा झालेली बाई दिसली की मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू आहे; तिथे मराठीत बोलता येतं आणि त्यासाठी केसगळतीचं निमित्त लागत नाही.