एपीटी बंद केलं म्हणून स्नॅप थांबत नाही

उबंटू लिनक्सच्या ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये आपोआप तपासणी ‘कधीच नाही’वर ठेवायची आणि दुपारीच हॉटस्पॉटचा दीड जीबी उडाला की लिनक्सला शिव्या घालायच्या! रत्नागिरी काय, सावंतवाडी काय, तक्रार तीच. ती खिडकी फक्त एपीटीची, म्हणजे उबंटूच्या नेहमीच्या पॅकेज-व्यवस्थापकाची आहे. स्नॅप ही सॉफ्टवेअर बसवण्याची दुसरी, स्वतंत्र व्यवस्था; ती तिकडे ढुंकूनही बघत नाही.

एपीटी तुम्हाला येतंच. ‘अपडेट’ यादी आणतं, ‘अपग्रेड’ सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवतं, आणि अनअटेंडेड-अपग्रेड्स सुरक्षेच्या दुरुस्त्या गुपचूप उरकतं.

स्नॅपचा कारभार वेगळा. स्नॅपडी (स्नॅपची मागे चालणारी सेवा) मुळातच दिवसातून चारदा नवं काही आलंय का ते बघतं आणि आलं असेल तर उतरवतं. उबंटू २२.०४पासून फायरफॉक्सही स्नॅपच आहे. एपीटीने मागवलात तरी स्नॅपच येतो.

खरी गोम मीटर्ड, म्हणजे डेटा मोजून मिळणाऱ्या, जोडणीत आहे. पावसात फायबर तुटला की फोनचा हॉटस्पॉट लागतो. अँड्रॉइडचा हॉटस्पॉट नेटवर्कमॅनेजर (लिनक्समध्ये नेटच्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) बहुतेकदा मीटर्ड म्हणून ओळखतो, आणि अनअटेंडेड-अपग्रेड्स अशा जोडणीवर आपणहून गप्प बसतं. स्नॅप बसत नाही. त्याला एकदा सांगावं लागतं (टाइप अर्थातच रोमनमध्ये):

सुडो स्नॅप सेट सिस्टम रिफ्रेश.मीटर्ड=होल्ड

सिमवाला राउटर असेल तर एवढ्याने भागत नाही, कारण लिनक्सला तो साधा वायफाय वाटतो. सेटिंग्जमध्ये त्या वायफायच्या तपशिलात जाऊन ‘मीटर्ड’वर स्वतः खूण करा. स्नॅपची पुढची फेरी कधी आहे ते ‘स्नॅप रिफ्रेश --टाइम’ दाखवतं.

‘सुडो स्नॅप रिफ्रेश --होल्ड’ सगळंच आपोआप येणं बेमुदत थांबवतं. हाताने ‘सुडो स्नॅप रिफ्रेश’ दिलं तर मात्र चालतं. ब्राउझर असा महिनोन्‌महिने अडकवून ठेवणं मला साफ नामंजूर; अडचण दोन-तीन दिवसांचीच असेल तर ‘--होल्ड=७२एच’ द्या.

एपीटी पॅकेजं बसवत असताना लाइट गेली तर ती अर्धवट राहतात. ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा (डीपीकेजी म्हणजे एपीटीच्या खाली पॅकेजं प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्राम), मग ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. ‘लॉक मिळत नाही’ दिसलं की लॉक फाइलच (एका वेळी एकानेच पॅकेजं बसवावीत म्हणून ठेवलेली फाइल) उडवायची, ही खोड सोडा: बहुतेक वेळा आत अनअटेंडेड-अपग्रेड्सचंच काम चालू असतं, आणि तेव्हा फाइल उडवली तर डीपीकेजीचा डेटाबेस बिघडू शकतो. स्नॅप जुनी आवृत्ती जवळ ठेवतं, त्यामुळे नवा फायरफॉक्स रुसला तर ‘सुडो स्नॅप रिव्हर्ट फायरफॉक्स’.