गणिताचा इतिहास लिहिणारा संन्यासी: बिभूतिभूषण दत्त

भारतीय गणिताचा विषय निघाला की दोन पार्ट्या ठरलेल्या, एकीला सगळं वेदांमध्येच दिसतं आणि दुसरीला सगळं ग्रीकांकडून आलेलं. हे भांडण शंभर वर्षं तरी जुनं आहे, आणि त्यात आरडाओरड न करता मूळ संस्कृत ग्रंथ उघडून बसलेला माणूस म्हणजे बिभूतिभूषण दत्त, जन्म १८८८, चितगाव जिल्हा.

आधी काहीच नव्हतं असं नाही. कोलब्रुक या इंग्रज अभ्यासकाने १८१७ मध्ये ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्यांचं गणित इंग्रजीत आणलं, थिबो या जर्मन अभ्यासकाने १८७५ मध्ये शुल्बसूत्रांवर, म्हणजे यज्ञवेदी रचायची भूमिती सांगणाऱ्या जुन्या संस्कृत ग्रंथांवर लिहिलं, आपल्याकडे भाऊ दाजी लाडांनी चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख उजेडात आणला, त्यातून भास्कराचार्यांचं घराणं कळलं. पण नंतर जी. आर. के (Kaye) हे इंग्रज अधिकारी आले आणि त्यांना जिथेतिथे परदेशी उसनवारीच दिसायला लागली. पेशावरजवळ बख्शालीला १८८१ मध्ये सापडलेली गणिताची भूर्जपत्रावरची पोथी त्यांनी थेट बाराव्या शतकात ढकलली. दत्तांनी १९२९ मध्ये पोथीतलं गणित तपासत, हे बरंच जुनं आहे असं मांडलं. कार्बन डेटिंग होऊनही तो वाद अजून पुरता मिटलेला नाही बरं का.

गंमत म्हणजे दत्त मूळचे अप्लाइड मॅथ्सवाले, कलकत्ता विद्यापीठात शिकवायचे. गणितज्ञ गणेश प्रसादांनी त्यांना इतिहासाच्या कामात प्रोत्साहन दिलं. १९३२ मध्ये शुल्बसूत्रांवरचं पुस्तक आलं, मग लखनौच्या अवधेश नारायण सिंहांबरोबर हिंदू गणिताचा इतिहास, पहिला भाग १९३५ मध्ये अंकलेखन आणि अंकगणितावर, दुसरा १९३८ मध्ये बीजगणितावर. आणि त्याच सुमारास दत्तांनी संन्यास घेतला, स्वामी विद्यारण्य झाले, शेवटी पुष्करला राहिले आणि तिथेच १९५८ मध्ये गेले.

त्यांचं सगळंच डोळे मिटून घ्यावं असं नाही. पिंगलाच्या छंदशास्त्रातल्या (काव्यातल्या वृत्तांवरच्या प्राचीन ग्रंथातल्या) शून्यावरून ते शून्याचं चिन्ह फार मागे नेतात, ते आज बऱ्याच अभ्यासकांना पटत नाही. पण श्लोक देऊन मग बोलायची पद्धत असल्यामुळे, कुठे चुकले हेसुद्धा त्यांच्याच पुस्तकातून तपासता येतं, के साहेबांच्या बाबतीत ते इतकं सोपं नाही.

भूमिती, त्रिकोणमिती वगैरेंचा तिसरा भाग हस्तलिखितातच पडून होता, तो कृपाशंकर शुक्लांनी दुरुस्त करून १९८० पासून टप्प्याटप्प्याने एका जर्नलमध्ये छापला.